सकपाळबाईंचा धसका

सकपाळबाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा रबरी चपला घालायच्या. चालताना आवाज व्हायचा नाही. मागच्या बाकावर कोणी चिंचा खात असला की बाई त्याच्या पाठीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि गुपचूप हात पुढे करायच्या. पोराच्या तोंडातली चिंच तोंडातच राहायची. मुलं त्यांना मांजर म्हणायची. बाईंना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. मी एकदा म्हटलं, "बाई, पोरं तुमचा धसका घेतात." तर म्हणाल्या, "घेऊ देत, मावशी. धसक्याशिवाय शुद्धलेखन येत नाही."

हे आधीच सांगते, कारण बाई गेल्यापासून लोक त्यांना देवी करून बसवायला निघालेत. देवी नव्हत्या. मी त्या शाळेत मावशी होते. झाडलोट, पाणी भरणं, टोल देणं ही माझी कामं. बावीस वर्षं बाईंना रोज पाहिलं. माणूस खडूस होतं. पण त्यांनी एक काम असं केलं की तसं करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

अंगाने लहानखुऱ्या. सुती साडी, खांद्याला पिन, काखेत काळी पर्स. राहायला नायगावला, भावाच्या घरी. वडील गिरणीत होते, अंगठेबहाद्दर. कोणीतरी त्यांच्याकडून वाचून न दाखवता कागदावर अंगठा घेतला आणि त्यात राहती खोली गेली. तेव्हापासून त्या घरात एक वाक्य सगळ्यांना पाठ: बोललेलं विरतं, लिहिलेलं राहतं. बाई ते वर्गात रोज म्हणायच्या. फळ्याच्या वर लिहूनही ठेवलं होतं.

आणि पर्समध्ये लाल पेन. ते नुसतं वह्यांसाठी नव्हतं. वाण्याची पाटी, लग्नाची पत्रिका, सोसायटीची नोटीस, चुकलेलं दिसलं की पेन बाहेर. आमच्या लालबागेत गणपतीच्या दिवसांत पावलापावलाला बोर्ड. एकदा मंडळाच्या बोर्डावर 'शुभेच्छूक' लिहिलेलं. बाई भर गर्दीत थांबल्या, टाचा उंच करून त्यातला 'च्छू' खोडला, वर 'च्छु' लिहिलं. मंडळाचा एक पोरगा ओरडला, "ओ बाई, तुम्ही तर गणपती मानत नाही ना?"

बाई बौद्ध. म्हणाल्या, "मी आरतीला येत नाही रे. ऱ्हस्वदीर्घाला येते."

पोरगा त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने वर स्टूल आणून दिलं.

आता त्या मुलीचं सांगते. तिचं नाव लिहिणार नाही. बाईंनी शेवटपर्यंत कुठे घेतलं नाही, मी का घेऊ?

चौथीत मध्येच आली होती. जवळचीच एक जुनी इमारत पडली, त्यातून वाचलेली. आई गेली. बाप आधीच नव्हता. आपल्या सख्ख्या मावशीकडे राहायची. अभ्यासात बरी होती, पण वर्गातून पळायची. रोज, दुसऱ्या तासाला. बाई फळ्यावर लिहीत असल्या की ही उठून दाराबाहेर. एकदा समोर आलेल्या मुलाच्या दंडाला चावून गेली. बाईंनी समजावलं, उभं केलं, कान धरायला लावला. काही उपयोग झाला नाही. बाई तिला मुजोर म्हणायच्या.

पळून ती जायची कुठे ते मला ठाऊक होतं. जिन्याखाली मी झाडू ठेवते तिथे. एकदा मी विचारलं, "काय गं, बाई मारतात?" ती म्हणाली, "नाही. वरचं घर सरकतं." मी म्हटलं, पोरगी खुळी आहे. पाणी दिलं आणि कामाला लागले.

वर्ष संपायच्या आत तिच्या मावशीला वडाळ्याला जागा मिळाली. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला दोघी आल्या. दाखल्यात एक रकाना असतो, वर्तणूक. शंभरातल्या शंभर पोरांच्या दाखल्यात तिथे 'चांगली' लिहितात, पोरगा चोर असला तरी. बाई खोटं लिहीत नसत. त्यांनी लिहून दिलं: असमाधानकारक. वर्गातून पळते, चावते. कारकुनाने तसंच उतरवलं, हेडसरांनी न वाचता सही केली.

दाखला होईपर्यंत तिची मावशी माझ्याजवळ बाकड्यावर बसली होती. सांगत होती, इमारत पडली त्या सकाळी आधी वरच्या मजल्यावर कोणी कपाट ओढल्यासारखा आवाज आला. आई म्हणाली, वरचे लोक सामान हलवतायत. आणि मग सगळं खाली आलं.

मला तेव्हाच कळलं. बाईंच्या वर्गाच्या वरचा वर्ग दुपारचा. सकाळी तो रिकामा असतो, म्हणून मी तो दुसऱ्या तासाला झाडायची. झाडायचं तर बाकं ओढायला लागतात.

कळूनही मी गप्प बसले. आठ दिवस. चौथी शिकलेल्या बाईने शिकवणाऱ्या बाईला काय सांगायचं, असं मनात. हे माझं चुकलं आणि त्याला दुसरं नाव नाही.

आठ दिवसांनी बाई टीचर्स रूममध्ये म्हणाल्या, "आता वर्ग शांत आहे बुवा." मी लादी पुसत होते. पुसता पुसताच म्हटलं, "ती पळायची ती माझ्या बाकांमुळे." आणि सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मग मला का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही."

शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. स्वतः त्या मुलीच्या जागेवर जाऊन बसल्या, तिसरं बाक, खिडकीकडचं. मला म्हणाल्या, "वर जा. रोजच्यासारखी बाकं ओढा." मी ओढली. खाली आले तर बाईंनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली. म्हणाल्या, "मावशी, हा आवाज अकरा वर्षं माझ्या डोक्यावर होतोय. मला एकदाही ऐकू आला नाही."

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणल्या. तुकडे कापून मी आणि बाईंनी वरच्या मजल्यावरच्या एकूण एक बाकाच्या पायांना खिळ्यांनी ठोकले. बाईंचं बोट ठेचलं. त्याच आठवड्यात रबरी चपला गेल्या आणि टाचेच्या सँडल आल्या. खट खट खट. जिन्यापासून ऐकू यायच्या. नव्या शिक्षिका हसायच्या, या वयात टाचा! बाई म्हणायच्या, "मी येतेय हे मुलांना आधी कळलं पाहिजे." मांजर हे नाव मात्र सुटलं नाही. पुढच्या मुलांना ते नाव का पडलं हेही माहीत नव्हतं.

बाई वडाळ्याला गेल्या, माफी मागायला. मी बरोबर नव्हते. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. "दार तिनेच उघडलं," म्हणाल्या. "मला बघितलं आणि वर्गात राहतात तशी ताठ उभी राहिली. मी बस बस म्हणत होते, ती बसेना." नव्या शाळेने तो दाखला वाचून तिला पहिल्या दिवसापासून एकटीला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. चावते म्हणून.

मग बाई तो एक शब्द बदलायला निघाल्या. हेडसर म्हणाले, दाखल्यात खाडाखोड चालत नाही, खालीच छापलेलं असतं. वरच्या ऑफिसात गेल्या. तिथे म्हणाले, जन्मतारीख बदलता येते, नावातली चूक बदलता येते, त्याला नियम आहे. वर्तणूक कशी बदलणार? बाई म्हणाल्या, "मी लिहिलंय, मीच सांगतेय की चुकीचं आहे." खेपा घातल्या. शेवटी तिथला कारकून वैतागून म्हणाला, "बाई, तसा कायदा नाही."

"मग कायदा कुठे करतात?"

तो हसला. "विधानभवनात." आणि थट्टेने बसचा नंबर सांगितला.

बाईंनी तो नंबर लिहून घेतला.

इथून पुढची बरीच वर्षं मी तुम्हाला दोन ओळींत सांगते, कारण ती कंटाळवाणी होती. बाई पत्रं लिहायच्या, उत्तरं यायची नाहीत, बाई परत लिहायच्या. एका वकीलबाईंनी मसुदा करून दिला. त्यात बाईंचं मुख्य मागणं एकच: मुलाच्या वागण्याविषयी वाईट शेरा लिहायच्या आधी त्याच्यावर काय गुदरलंय हे शाळेने विचारलंच पाहिजे. त्याला, त्याच्या घरच्यांना, आणि शाळेत काम करणाऱ्या सगळ्यांना. बाकी समुपदेशक नेमा, शिक्षकांना शिकवा, असं बरंच होतं. पण बाई म्हणायच्या, "बाकीचं कापलं तरी चालेल, विचारायचं कलम राहिलं पाहिजे."

मग सह्या गोळा करायच्या ठरल्या. रविवारी आम्ही दोघी निघायचो. लालबाग, करी रोड, परळ, चाळी चाळी. बाई खटखट पुढे, मी कागद घेऊन मागे. कागदावर मोठ्या अक्षरात 'बालआघात प्रतिबंध कायदा' असं. लोक भराभर सह्या द्यायचे. बाई खूष. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी आमच्याच मजल्यावरची परबीण सही करता करता म्हणाली, "बरा केल्यात बाई. शाळेच्या तोंडार गतिरोधक व्हयोच. परवाच त्या टेम्पोवाल्यान कसो मारल्यान!"

बाई म्हणाल्या, "गतिरोधक?"

"मगे? बालअपघात ना?"

बाईंनी कागद परत घेतला. पहिल्या पानावरच्या दोन-तीन घरी पुन्हा जाऊन विचारलं. सगळीकडे तेच. एकाने तर बाजूला सिग्नलही मागितला होता. मी म्हटलं, "सह्या झाल्यात ना, कशाला बोलायचं?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चिंच खाताना सापडले. त्या सगळ्या सह्या त्यांनी लाल पेनाने रद्द केल्या. प्रत्येक पानावर आडवी रेघ. "माझ्या वडिलांचा अंगठा असाच घेतला होता," म्हणाल्या.

आमच्या खोलीत येऊन बसल्या. मी चहा टाकला. "आघात साधा शब्द आहे हो," म्हणाल्या. "त्याला सोपा काय घालू?"

मी म्हटलं, "आम्ही धसका म्हणतो."

बाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, चहात साखर राहिली.

पुढच्या रविवारी त्या परत परबिणीकडे गेल्या. कागद काढलाच नाही. म्हणाल्या, "परबीण काकू, तुमच्या घरात कुठल्या पोराने कधी धसका घेतला होता का?" परबीण लगेच म्हणाली, "आमच्या धाकल्यान! आजोबा त्याच्या म्होरां पडले नि गेले. अजून दार लावन निजणा नाय तो. तीस वर्षांचो झालो." शेजारची आली, तिचीही गोष्ट निघाली. एका चाळीला आता अख्खा रविवार लागायचा. लोक सही देण्याआधी बोलायचे, कोणी बोलून झाल्यावर सही द्यायचं विसरायचे. सह्या पहिल्यापेक्षा निम्म्या झाल्या. बाई म्हणाल्या, "पण वाचून दिल्यात."

दुसऱ्याच भागातल्या एका आमदारबाईंनी विधेयक मांडलं. सरकारने नाही, त्यांनी स्वतःहून. तसं मांडता येतं म्हणे. मंत्र्यांनी उभं राहून आश्वासन दिलं आणि आमदारबाईंनी ते मागे घेतलं, तसंही करतात म्हणे. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "शाळेत गृहपाठ बघतो म्हटल्यावर बघायला लागतो. यांनाही लागेल." पुन्हा पत्रं. निवृत्त झाल्या तरी पत्रं. शेवटी एक समिती बसली आणि समितीने बाईंना बोलावलं.

त्याआधी एका वाहिनीचा माणूस आला होता. म्हणाला, ती मुलगी कॅमेऱ्यासमोर आणा, चेहरा झाकू, दोन दिवसांत राज्यभर विषय होईल. वकीलबाईंनाही ते पटत होतं. बाई म्हणाल्या, "ती काय नमुना आहे? तिला परत उभं करायचं नाही. एकदा उभी राहिली तेवढं पुरे."

विधानभवनात मला घेऊन गेल्या. पासावर माझ्या नावापुढे काय लिहायचं म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "साक्षीदार लिहा." आतली फरशी गुळगुळीत. बाईंच्या सँडलचा आवाज असा घुमला की पार लांबचे लोक वळून बघायला लागले. दारावरचा शिपाई म्हणाला, "मॅडम, जरा हळू." बाई म्हणाल्या, "मुद्दाम करते." आणि तशाच गेल्या.

लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, चार-पाच आमदार, बाकी अधिकारी. मी भिंतीकडे बसले. एका आमदाराने विचारलं, "तुमच्याकडे केस आहे का एखादी?"

बाई उठल्या. दाखल्याची प्रत बाहेर काढली. नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली. म्हणाल्या, "आहे. केस मी आहे." आणि तो रकाना वाचून दाखवला. "हे अक्षर कारकुनाचं, शब्द माझे. मुलीचं घर पडलं होतं. मला माहीत होतं ते. तरी मी विचारलं नाही. आमच्या मावशींना कारण ठाऊक होतं, त्यांनाही विचारलं नाही. शिक्षिका म्हणून माझ्यावर वाईट शेरा नाही, आदर्श म्हणून सत्कार झालाय. तिच्यावर शेरा आहे. तो मला आजही खोडता येत नाही."

कोणी बाटलीला हात लावला नाही. मी बाईंना वर्गात, मैदानात, हेडसरांशी भांडताना पाहिलं होतं. स्वतःची चूक अशी ताठ मानेने वाचताना पहिल्यांदा पाहिलं. मला रडू वगैरे आलं नाही. पाठ आपोआप सरळ झाली.

मग एक अधिकारी म्हणाले, "मुद्दा समजला. पण मसुद्यात हा धसका शब्द आहे, तो कायद्याच्या भाषेत बसत नाही. आघात ठेवू."

बाई म्हणाल्या, "साहेब, लहानपणी तुम्हाला कशाचा धसका होता?"

"विहिरीचा," ते म्हणाले. बोलून गेले. मग जरा वेळाने, कोणी विचारलं नसताना म्हणाले, "चुलतभाऊ पडला होता."

बाईंनी विचारलं, "आणि आघात कशाचा होता, असं मी विचारलं असतं तर?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

कायदा अजून झालेला नाही. हे स्पष्ट सांगते, कारण बाईंच्या शोकसभेत दोघातिघांनी झाला म्हणून सांगून टाकलं. मसुदा झालाय. सरकारने तो लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी काढलाय. ती मुलगी कुठे आहे ते मला माहीत आहे. नोकरीला आहे, बरी आहे. एवढंच.

मसुद्याचे कागद घेऊन बाई माझ्याकडे आल्या ती शेवटची भेट. पोटाच्या दुखण्याने अर्ध्या झाल्या होत्या. परळच्या इस्पितळातून घरी सोडलं होतं, दुसऱ्या दिवशी बहिणीकडे महाडला जायच्या होत्या. तिथेच महिन्याभराने गेल्या. पण त्या दिवशी तीन जिने चढून आल्या, मध्ये दोनदा थांबून. मला खालपासून ऐकू येत होतं.

बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा."

मी बोट ठेवून वाचलं. आघात या शब्दापुढे कंस करून आत धसका घातला होता. बाई म्हणाल्या, "कंसात का होईना, आत आहे." पुढे विचारायचं कलम. वर्तणुकीबाबत प्रतिकूल शेरा नोंदवण्यापूर्वी पालक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्याकडे विचारणा करणे बंधनकारक राहील.

मी म्हटलं, "शिक्षकेतर म्हणजे?"

"शिक्षक सोडून इतर."

"म्हणजे मी."

"म्हणजे तुम्ही," बाई म्हणाल्या. "आता हरकत-सूचना काय ती लिहून द्या. मी जाताना टपालात टाकते."

मी म्हटलं, तुम्ही लिहा, मी सही करते. ऐकेनात. कागद पुढे सरकवला. मी दोन ओळी लिहिल्या: 'माझी हरकत नाही. सुचना एकच, मावशी लोकांना विचारायचं कलम काढू नये.' खाली नाव.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. पर्स उघडली, लाल पेन काढलं, टोपण काढलं. पेन 'सुचना'वर आलं. मी म्हटलं, "चुकलंय ना?"

"चुकलंय. सू दीर्घ." जरा वेळ पेन तसंच धरलं. मग टोपण लावलं. "असू दे. वाचणाऱ्याला कळू दे, ज्यांना विचारायचं त्यांनीच लिहिलंय."

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, खालपर्यंत येते, तर नको म्हणाल्या. खट खट खट, एकेक पायरी. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने खाली दिसल्या. टॅक्सी उभी होती, भाचा दार उघडून उभा. बाई टॅक्सीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. चाळीच्या तोंडाशी मंडळाने नवा बोर्ड लावला होता. बाईंनी मान वर करून तो सगळा वाचला, अगदी खालच्या नावांपर्यंत. भाचा म्हणाला, "आत्या, चल ना गं." त्यांनी त्याच्या हातात पर्स दिली, आतलं लाल पेन काढलं, आणि टाचा उंच केल्या.